बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेसाठी इंग्रजीतले अवघड शब्द पाठच होत नाहीत, काय करू?

तू लिहिलंयस की ठाण्यात बारावी कॉमर्सला आहेस, दहावीपर्यंत मराठी माध्यम, सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) आणि बीएमएसची सीईटी (व्यवस्थापनाच्या पदवीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) दोन्ही द्यायच्यात, आणि यादीतले रोज ५० शब्द घोकूनही आठवड्याने ५ आठवत नाहीत. माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून सरळ अरे-तुरे करते.

आधी ती यादी बंद कर. मीही कळव्याच्या मराठी शाळेतली. एमबीएच्या सीईटीच्या वेळी अशीच एक झेरॉक्स यादी घेऊन ठाणे-वाशी लोकलमध्ये पुटपुटत बसायचे. ऐरोलीपर्यंत पान तोंडपाठ, घणसोलीला अर्धं गायब. त्या यादीत ‘नोटोरियस म्हणजे प्रसिद्ध’ असं छापलेलं. पुढे एका कॉलेजच्या मुलाखतीत गावाबद्दल विचारलं, तर मी ऐटीत ठोकून दिलं, ‘ठाणे इज नोटोरियस फॉर इट्स लेक्स!’ समोरचे सर मराठी निघाले. चष्म्यावरून बघत म्हणाले, “का हो, तलावपाळीने कोणाचा खून केला?” प्रवेश मिळाला नाही. (गणितही कच्चं होतं, सगळा दोष त्या शब्दाला नको.)

घरी येताना चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. ‘कुप्रसिद्ध’ हा शब्द मला चौथीपासून येत होता! अर्थ लिहिताना ढोबळ मराठी शब्द लिहिला, तिथेच सगळं बिनसलं. तुझं इंग्रजी कच्चं असेल, पण मराठी तर तुला बारकाव्यांसकट येतं. तेच वापर.

म्हणजे कसं? माझी आई रिक्षाचे पैसे वाचवायला स्टेशनपासून चालत यायची आणि तेवढ्यात कोथिंबिरीची जुडी आणायची. ती काटकसरी, फ्रूगल. आमच्या मजल्यावरचे एक काका पाहुण्याला अर्धा कप चहा देऊन वर “साखर कमीच बरी” म्हणायचे. ते चिक्कू, स्टिंजी. यादीत दोघांपुढे ‘कमी खर्च करणारा’ एवढंच असतं. पेपरात मात्र वाक्य कौतुकाचं असतं की टोमण्याचं, त्यावर पर्याय ठरतो. तसंच हट्टीचं. अडून बसला तो ऑब्स्टिनेट, चिकाटीने मागे लागला तो पर्सिस्टंट. साहेबाच्या पुढेपुढे करणारा लाळघोट्या म्हणजे ऑब्सिक्विअस. लाडीगोडी लावून काम काढून घेणं म्हणजे कॅजोल. चालढकल म्हणजे प्रोक्रॅस्टिनेट, आणि त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘क्रास’ म्हणजे ‘उद्या’ दडलाय. प्रत्येक शब्दाला ओळखीतलं एक माणूस चिकटव. त्याला सांगू नकोस म्हणजे झालं.

संस्कृत घेतलं असशील तर आणखी सोपं. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच मुळातून आल्या असाव्यात, हे भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यात मांडलं, आणि इंग्रजीतल्या जड शब्दांत लॅटिन-ग्रीक ठासून भरलंय. मॅग्नॅनिमस घे. मॅग्नस आपल्या ‘महा’चा भाऊ, अॅनिमस म्हणजे मन, आत्मा. झाला की ‘महात्मा’! उदार मनाचा, हा अर्थ मग वेगळा पाठ करावा लागत नाही. व्होसिफरसमध्ये ‘वाचा’ आहे, म्हणजे आरडाओरडा करणारा. सोपोरिफिकमध्ये ‘स्वप्न’ आहे, म्हणजे झोप आणणारं. इग्नाइटमध्ये ‘अग्नी’ आहे. पण दिसलं साम्य की जोड नातं, असं करू नकोस. ‘देव’ आणि ‘डेव्हिल’ यांचा काही संबंध नाही, डेव्हिल ग्रीक ‘डायाबोलोस’वरून आला.

उलट्या बाजूनेही जाता येतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (दुसरी आवृत्ती १८५७) नेटवर फुकट आहे. आजीच्या तोंडचा एखादा ठसकेबाज शब्द त्यात शोध, एकापुढे दोन-चार इंग्रजी शब्द मिळतील. मला हे व्यसनच लागलं होतं. फक्त त्यातलं इंग्रजी जुनं आहे, तेव्हा हल्लीच्या कोशात एकदा पडताळून घे.

टिकवायचं कसं, तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांचे चार-चार तुकडे कर. कोऱ्या बाजूला शब्द लिहू नकोस, गाळलेली जागा असलेलं वाक्य लिही. पाठीमागे, गणपतीच्या चित्राशेजारी, शब्द आणि नेमका मराठी अर्थ. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे कर, पहिला रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. आला तर पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. दिवसाला नवे १० पुरे, ५० हा निव्वळ वेडेपणा.

परीक्षेचं थोडक्यात. बीएमएसच्या सीईटीत १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे आणि उणे गुण नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवू नकोस. सीयूईटीत बरोबरला ५, चुकल्यास उणे १. दोन पर्याय नक्की कटले असतील तर बिनधास्त ठोक. आणि समानार्थी शब्द विचारला असेल तर आधी नेमका मराठी शब्द मनात आण, मगच पर्याय वाच. पर्याय आधी वाचलेस की चारही बरोबर वाटायला लागतात.

एक माझंही काम कर. ‘खवचट’ला चपखल इंग्रजी शब्द मी अजून शोधतेय. सार्कॅस्टिकने भागत नाही, स्नाइड जवळ येतो, पण आमच्या त्या काकांना तोही अपुरा पडतो. सापडला तर खाली लिही.