पीसी जोडला, पण टिकेना

या वेळच्या पत्रांतलं दुखणं बहुतेक एकच आहे. घरी असेंबल केलेला नवा पीसी चालू होतो, दोन दिवस नीट वागतो आणि मग मधेच आडवा होतो. पत्र लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी पहिला उपाय म्हणून विंडोज पुन्हा टाकलं आहे. नव्या जोडणीत तो शेवटून पहिला उपाय. आमचा क्रम ठरलेला आहे: आधी रॅम, मग वीज, मग उष्णता, आणि विंडोज सगळ्यांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघाड कशाने गेला ते कळत नाही आणि महिन्याने तो परत येतो.

प्रश्न (पुणे): तीन आठवड्यांपूर्वी रायझेन ७००० मालिकेतला सहा कोअरचा प्रोसेसर, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ ६००० च्या १६ जीबीच्या दोन स्टिक घेऊन पीसी जोडला. दिवसातून एक-दोनदा निळी स्क्रीन येते. दर वेळी नाव वेगळं: कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी पेज फॉल्ट. ब्राउझरचे टॅबही आपोआप कोसळतात. विंडोज दोनदा नव्याने टाकलं. ग्राफिक्स कार्ड बदलून मागू का?

उत्तर: कार्डाला हात लावू नका. दर वेळी नाव वेगळं, हीच मोठी खूण आहे. एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तो सहसा तेच ते नाव घेऊन येतो. रॅममध्ये एक बिट उलटला तर त्या क्षणी त्या जागी जे ठेवलेलं असेल ते कोलमडतं: आज विंडोजचा गाभा, उद्या ब्राउझरचा टॅब. त्यामुळे स्क्रीनवरचं नाव वाचून सुटा भाग बदलायला धावू नये.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, रॅमला खोक्यावरच्या वेगाने पळवणारं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं असणार. खोक्यावर ६००० छापलेलं असलं तरी तो वेग ओव्हरक्लॉकच, म्हणजे अधिकृत मर्यादेपलीकडचा. तुमच्या मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे आणि चार स्टिक लावल्या तर फक्त ३६००. बहुतेक प्रोसेसर ६००० सहज झेपवतात, सगळे नाही. आधी एक्स्पो बंद करा. रॅम ४८०० च्या आसपास आणि १.१ व्होल्टवर येईल. तसाच दोन दिवस वापरा.

तोवर रात्रीचं काम: पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाका आणि पीसी त्यावरून सुरू करा. बोर्डानुसार एफ८, एफ११ किंवा एफ१२ दाबल्यावर बूटची यादी येते. पेनड्राइव्ह त्यात दिसलाच नाही तर बायोसमधला सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून पीसी सुरू होऊ न देणारी सोय) तात्पुरता बंद करा. किमान चार फेऱ्या होऊ द्या, म्हणजे रात्रभर चालू ठेवावा लागेल. लाल ओळ एक आली तरी नापास. ‘दोनच चुका आल्या, चालतंय’ असं इथे नसतं.

चूक आली तर स्टिक एकेक करून तपासा. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत एकच स्टिक लावा, चाचणी घ्या, मग दुसरी स्टिक त्याच खाचेत. मूळ वेगावरही एकच स्टिक नापास होते आहे? ती खराब आहे, पण वॉरंटीत दोन्हींचा संच परत द्या, जुळ्या स्टिक एकत्रच बदलून घ्याव्यात. दोन्ही स्टिक दुसऱ्या खाचेत पास आणि चौथ्या खाचेत नापास? मग रॅम निर्दोष आहे. खाच, सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा कूलरचा असमान दाब यांकडे बघा. कूलरचे स्क्रू ढिले करून तिरके, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी धरली तर प्रोसेसर सॉकेटमध्ये किंचित कलतो आणि रॅमचा एखादा चॅनल (प्रोसेसरकडे जाणारी वाट) रुसतो.

आणखी एक जागा डोळ्यांनी तपासा. बऱ्याच बोर्डांवर रॅमच्या खाचेला वरच्या टोकालाच खिटी असते. तिकडे ‘टक्’ ऐकू आलं की माणूस समाधानी होतो, पण खिटी नसलेल्या टोकाकडची स्टिक अर्धा मिलिमीटर वर राहिलेली असते. सोनेरी पट्ट्यांची कड खाचेबाहेर दोन्ही टोकांना सारखी दिसते का, ते टॉर्च मारून बघा.

मूळ वेगावर सगळं पास आणि ६००० वर नापास, असं निघालं तर आधी बायोस अपडेट करा. एएम५ (तुमच्या बी६५० सारख्या) बोर्डांच्या सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅम हाताळणी कच्चीच होती. तरीही जमलं नाही तर ५६०० ठेवा. रोजच्या वापरात फरक जाणवणार नाही. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) वाढवून हट्टाने ६००० गाठणार असाल तर १.३० व्होल्ट ही मर्यादा ओलांडू नका. २०२३ मध्ये प्रोसेसर जळाल्याचे प्रकार झाल्यावरच एएमडीने ती घातली.

रॅमचा निकाल लागल्यावर मात्र विंडोज तिसऱ्यांदा टाका. आधीची दोन्ही इन्स्टॉलेशन डळमळीत रॅममधून गेलेली आहेत. कुठली फाइल चुकीची लिहिली गेली असेल सांगता येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि पीसी थेट रीस्टार्ट होतो. निळी स्क्रीन येत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. कार्डाला ८ पिनची दोन सॉकेट आहेत, जुन्या पीसीतला ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) वापरला आहे आणि घराला इन्व्हर्टर आहे.

उत्तर: ४१ हा आकडा कारण सांगत नाही. ‘मागच्या वेळी मला नीट बंद केलं नाही’ एवढीच विंडोजची ती तक्रार. ती नोंद उघडून ‘डिटेल्स’मध्ये बगचेककोड बघा. तिथे ० असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, वीज अचानक गेली किंवा पीसी जागीच गोठला. आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत असतो: २७८ म्हणजे निळ्या स्क्रीनवरचा (सोळाच्या पद्धतीतला) ११६, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, २९२ म्हणजे १२४, म्हणजे हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक. तुमच्याकडे ० निघेल असा आमचा अंदाज.

एसएमपीएसकडून कार्डाकडे एकच केबल आली आहे आणि तिच्या टोकाला दोन कनेक्टर आहेत का? तसं असेल तर ते बदला. ८ पिनच्या एका कनेक्टरची मर्यादा १५० वॅट, बोर्डावरच्या कार्डाच्या खाचेतून मिळतात ७५ वॅट. तुमचं कार्ड जेमतेम मिलिसेकंदासाठी नेहमीच्या दुप्पट ओढू शकतं, आणि तेवढा झटका जुन्या एसएमपीएसच्या संरक्षणाला शॉर्टसर्किटसारखा दिसतो. कार्डाला दोन स्वतंत्र केबल द्या. पण केबल त्याच एसएमपीएसबरोबर आलेल्या हव्यात. मॉड्युलर केबल कार्डाकडच्या टोकाला सारख्या दिसतात, एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची रचना प्रत्येक कंपनीची आपापली असते. ड्रॉवरमधली जुनी केबल लावून एसएसडी आणि बोर्ड दोन्ही घालवता येतात.

पैसे खर्च न करता शहानिशा अशी करा. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये ६० फ्रेमचं बंधन घाला आणि तासभर खेळा. पीसी टिकला तर बिघाड विजेच्या वाटेवर आहे हे जवळपास नक्की. मग मित्राकडून ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस एक दिवस मागून आणा, त्याच्या स्वतःच्या केबलसकट. नवा घ्यायचाच झाला तर एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचा घ्या. त्या प्रमाणात असे क्षणिक झटके सोसण्याची अट घातलेली आहे.

आता इन्व्हर्टर. त्याच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असं लिहिलेलं. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर जो वेळ घेतो तो पंख्याला चालतो, पीसीला नाही. पूर्ण भारावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, त्यात भागलं नाही की रीस्टार्ट. बटण यूपीएसवर ठेवा. संगणकाचा छोटा ६०० व्हीएचा यूपीएस लावला असेल तर तो जेमतेम ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो ‘टीं’ करून मान टाकणारच. यूपीएसवर भरवसा ठेवण्यापूर्वी, महत्त्वाचं काम चालू नसताना, भिंतीचं बटण स्वतः बंद करून बघा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का, तेही लिहून कळवायला हवं होतं. येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर ११०-११५ व्होल्ट तरंगतात. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमधून लावू नका. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दुरुस्ती घराच्या वायरिंगची आहे, पीसीची नव्हे.

प्रश्न (ठाणे): आजच जोडला. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर काही नाही. बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला पिवळा दिवा जळतो. दोन मिनिटांनी बंद करून परत चालू केला, असं पाच वेळा झालं.

उत्तर: दोन मिनिटांनी बंद करणं हीच चूक. एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू झाल्यावर रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घ्यायला शिकतो, आणि तोवर स्क्रीन काळीच असते. ३२ जीबीला काही मिनिटं, ६४ जीबीला त्याहून जास्त. दर वेळी तुम्ही तो धडा अर्ध्यावर थांबवला. चालू करा, चहा करून प्या, पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका. तरीही दिवा तसाच असेल तर वीज बंद करून एकच स्टिक दुसऱ्या खाचेत लावा आणि बायोसचा सेल मिनिटभर काढून ठेवा. मॉनिटरची केबल बोर्डात खोचली आहे की कार्डात, तेही एकदा बघा.

प्रश्न (नागपूर): व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसर ९५ अंशांवर जातो. मग पीसी मंद होतो. बंद पडेल का?

उत्तर: रायझेन ७००० च्या ‘एक्स’ प्रोसेसरला ९५ अंश ही ठरवून दिलेली मर्यादा आहे. तिथे पोचल्यावर तो वेग कमी करतो, कोसळत नाही. मात्र काम नसतानाच ६५-७० दाखवत असेल आणि रेंडर सुरू करताच दोन सेकंदांत ९५ होत असेल तर कूलर काढा. त्याच्या तळाला पारदर्शक फिल्म तशीच राहिलेली सापडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. तीच गत एसएसडीवरच्या हीटसिंकच्या पॅडची. फिल्म नसेल तर बायोसमध्ये प्रोसेसरची वीज मर्यादित करणारा ६५ वॅटचा इको मोड लावा. मे महिन्यात खोलीच ४२ अंशांची असते, तिथे कूलर बदलून फारसं हाती लागत नाही.

प्रश्न (नाशिक): गेम, रेंडर, स्ट्रेस टेस्ट सगळं तासन्‌तास चालतं. नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला की रीस्टार्ट होतो. हे उलटं कसं? कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज घटवणारी सेटिंग) उणे ३० वर ठेवला आहे.

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. सगळे कोअर कामाला लागले की वेग खाली येतो आणि कमी व्होल्टेज पुरतं. निवांत असताना मात्र एखादं छोटं काम आलं की एकच कोअर क्षणभर सर्वोच्च वेगावर उडी मारतो, आणि तिथे उणे ३० त्याला अपुरं पडतं. म्हणून तासाभराची स्ट्रेस टेस्ट हा दोष पकडत नाही. आकडा ० करून चार दिवस बघा, मग उणे १० पासून पुन्हा सुरू करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर १८’ (तिथे डब्ल्यूएचईए अशी अक्षरं दिसतील) अशी नोंद असेल तर तिच्यातला एपीआयसी आयडी टिपून ठेवा. आठ कोअरच्या प्रोसेसरवर त्याला दोनने भागलं की कोअरचा क्रमांक मिळतो, ० पासून मोजून. दर वेळी तोच कोअर येत असेल तर फक्त त्याचा आकडा सैल करा.

प्रश्न (डोंबिवली): १३व्या पिढीचा इंटेल आय७ के प्रोसेसर सेकंडहँड, निम्म्या किमतीत मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर: १३व्या आणि १४व्या पिढीचे ६५ वॅट आणि त्यावरचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे काळाच्या ओघात झिजत होते. इंटेलने २०२४ मध्ये हे मान्य केलं. मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची, बायोसबरोबर येणारी) ०एक्स१२९ ही दुरुस्ती ऑगस्टमध्ये आली, ०एक्स१२बी सप्टेंबरमध्ये आणि ०एक्स१२एफ मे २०२५ मध्ये. दुरुस्तीमुळे पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. आधीच्या मालकाने बायोस कधी अपडेट केला, यावर सगळं अवलंबून.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याच्याच पीसीत तपासा. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये मायक्रोकोडची आवृत्ती दिसते. सेव्हन-झिप या फाइल आकसवणाऱ्या प्रोग्रॅमची बेंचमार्क चाचणी अर्धा तास चालवा. झिजलेले प्रोसेसर डीकम्प्रेशनमध्येच आधी चुकतात. कार्डात भरपूर मेमरी असताना गेम सुरू होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश येत असेल तर तिथूनच परत फिरा. खोक्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच केली आहे, म्हणून खोकं आणि बिल दोन्ही मागा आणि खोक्यावरचा क्रमांक प्रोसेसरवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. घेतलात तर नवा बायोस टाकल्याशिवाय एकही गेम लावू नका, आणि बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. खोकं हरवलं, बिल सापडत नाही असं ऐकू आलं तर १२व्या पिढीचा बघा. ही झीज त्या पिढीला नाही आणि बोर्डही तोच चालतो.