आयडल वर-खाली होतंय? आधी त्या स्क्रूला हात लावू नकोस

मित्रा, तुझी १९९१ ची फोर्ड एफ-१५० पिकअप आणि तिचं ४.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन शिकायला उत्तम. आयडल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या मंद वेगाने फिरतं तो वेग; तो वर-खाली होतोय म्हणून घाबरू नकोस. नवख्याची पहिली चूक ठरलेली: थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू पिळणं. तो आयडल लावायला नाहीच, ते काम गाडीतल्या कॉम्प्युटरचं. दुसरी चूक म्हणजे अंदाजाने सेन्सर बदलत सुटणं. मी एकदा तीन बदलले, आणि निघाली काय, तर तडकलेली रबरी नळी!

म्हणून आधी व्हॅक्यूमच्या नळ्या, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्यामुळे आत पोकळी राहते त्या रबरी नळ्या. उष्णतेने रबर कडक होऊन चिरतं. चिरेतून हवा आत ओढली जाते, म्हणून इंजिन चालू ठेवून 'सुस्स' आवाज ऐक, पंखा-पट्ट्यापासून हात लांब. मग बंद करून एकेक नळी वाकवून बघ.

नंतर आयडल एअर व्हॉल्व्ह, ज्यातून कॉम्प्युटर आयडलची हवा कमी-जास्त करतो. गरम इंजिन आयडलवर असताना त्याचा वायरचा प्लग काढ. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) पडायला हवेत, इंजिन बंद पडलं तरी चालेल. फरकच नाही? मग बहुधा काजळीने अडकलाय. काढून साफ कर.

आणि हो, बॅटरीची वायर काढण्याआधी कॉम्प्युटरने साठवलेले बिघाडाचे कोड वाचून ठेव, नाहीतर पुसले जातील. गाडी ओबीडी-२ (हल्लीच्या गाड्यांतली बिघाड वाचायची ठरावीक पद्धत) च्या आधीची आहे, हल्लीचा साधा स्कॅनर तिला लागणार नाही.

फ्युएल प्रेशर, इंजेक्टर वगैरे नंतर. नळ्यांत काय सापडलं ते आधी सांग.