तबकडी फिरते, पण गाणं डुलतं

प्रश्न : आमच्या मामंजींचा निपाणीत तंबाखूचा व्यापार होता. त्यांनी सत्तरच्या दशकात मुंबईहून लेन्को एल 75 हा रेकॉर्ड प्लेअर आणला. ते गेल्यावर तो वखारीच्या माळ्यावर पंचवीसेक वर्षं पडून होता. यंदा खाली काढला. चालू होतो, पण गाणं डुलतं, खालून ठपठप येतं आणि सुईचा दांडा डुगडुगतो. मधे एकदा दिरांनी त्यात खोबरेल तेल घातलं होतं. कोल्हापूरच्या एका मेकॅनिकनं पाहून सांगितलं की आतलं सगळं काढून बेल्टवर, म्हणजे पट्ट्यानं फिरणारं, करून देतो. घरी चाळीसेक 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या आणि साठेक एलपी आहेत. 78च्यांत कुमार गंधर्वांच्या लहानपणच्याही दोन आहेत. बेल्टवर करून घ्यावं का?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : नको ताई. पत्र वाचता वाचताच मनात ‘नको’ आलं. बेल्टवर केलेली बहुतेक यंत्रं 33 आणि 45 एवढ्यावरच थांबतात. मग त्या चाळीस 78 काय भिंतीला लावणार? कुमारांचं जन्मगाव सुळेभावी इथून, बेळगावहून, काही कोसांवर. तिथं जन्मलेल्या पोराचा आवाज निपाणीच्या कपाटात मुका बसवायचा हे काही मला पटत नाही.

तुमच्या यंत्राची गंमत समजून घ्या. लेन्को हे स्विस यंत्र. एल 75 हे मॉडेल 1967चं. ह्याची मोटर आडवी असते आणि तिचा दांडा गाजरासारखा, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता. ह्या दांड्यावर रबरी कडेचं एक छोटं उभं चाक चालतं, त्याला आयडलर म्हणतात, आणि तेच चाक वरच्या ताटाला खालून फिरवतं. चाक जाड भागाकडे सरकवलं की ताट जोरात, बारीक भागाकडे सरकवलं की सावकाश. त्यामुळे 16 पासून 78 च्याही थोडं पुढं, मधला कुठलाही वेग मिळतो. ताट जवळजवळ 4 किलोचं. असलं काम आता नव्यानं करून घ्यायला गेलात तर बेल्टवाल्या मेकॅनिकलाच घाम फुटेल.

आता ठपठप. एक साधी परीक्षा करा. ताटावर खडूनं एक खूण करा आणि ऐका. एका फेऱ्याला एकच ठप येत असेल तर दोष ताटात किंवा तबकडीत. एका फेऱ्यात भराभर बऱ्याच ठप येत असतील तर आयडलर चाक चपटं झालंय. माझी पैज दुसऱ्यावर. यंत्राची कळ ‘बंद’वर नेली की हे चाक ताटापासून सुटतं. पण आपल्याकडे कळ तशीच ठेवून भिंतीवरचं बटण दाबायची सवय. नाहीतर गाणं चालू असताना लाईट जाते आणि माणूस उठून चहाला जातो. चाक ताटाला दाबूनच राहतं. बैलाच्या मानेवर जू ठेवून त्याला गोठ्यात पंचवीस वर्षं उभा केल्यासारखं. रबर थोडंच दबलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, बारीक पॉलिश पेपर लावून, तास दोन तास चालवल्यावर सुधारतं. खड्डा पडला असेल तर चाकावर नवं रबर चढवून घ्यावं लागतं.

डुलणाऱ्या गाण्याचा गुन्हेगार दिरांचं तेल. खोबरेल डोक्याला उत्तम, यंत्राला नाही. 24 अंशांच्या खाली ते गोठतं, आणि निपाणीत डिसेंबरात पहाटे केवढा गारठा असतो ते तुम्हाला मी काय सांगू. वर्षं गेली की ते चिकट होऊन बेअरिंगला डिंकासारखं धरतं. ताट उचला, मधली दांडी बाहेर काढा. अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं आतली नळी पुसत राहा, काडी पांढरी निघेपर्यंत. तळात बारीक पोलादी गोळी असते. ती फरशीवर पडली की कपाटाखालीच जाते, म्हणून खाली जुनं धोतर पसरून बसा. मधल्या बेअरिंगला थोडं दाट मशीन ऑइल, मोटरच्या दोन्ही टोकांना शिवणयंत्राच्या तेलाचे दोन दोन थेंब, आयडलरच्या आसाला एकच थेंब. रबराला तेल लागू द्यायचं नाही. लागलं तर पुन्हा अल्कोहोल.

सुईचा दांडा डुगडुगतो ह्याचं कारण तर ह्या मॉडेलचं खानदानी दुखणं आहे. दांडा सुरीसारख्या दोन धारांवर तोललेला असतो आणि त्या धारा रबराच्या दोन इवल्या ‘व्ही’ आकाराच्या खाचांत बसतात. रबर कडक होतं, मग गुळाच्या खड्यासारखं भुगा होतं. तुमच्याकडे त्या जागी काळी पूड दिसेल. ह्या खाचा बाहेरूनही मागवता येतात, पण मी मागवल्या नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या एल 75 मधली शाबूत उरलेली एक खाच घेऊन उद्यमबागेतल्या कारखान्यांत गेलो. बेळगावला फाउंड्री आणि लेथचं एवढं काम चालतं, तर ही वाटाण्याएवढी वस्तू कोण करणार नाही? पहिल्या तिघांनी हसून वाटेला लावलं. चौथ्यानं ती नखावर धरून पाहिली, "मास्तर, एवढ्याशा कामाला पैसे काय मागू," म्हणाला आणि नायलॉनच्या गजातून चार काढून दिल्या. चहाचे पैसेही त्यानंच दिले. ते यंत्र आजतागायत चालतंय. काहीजण पितळेच्या बसवतात, पण मला नायलॉनच बरं वाटतं. बसवताना मागच्या वजनाकडेही बघा. त्याचा रबरी जोड ढिला होऊन वजन लोंबतं.

हे सगळं झाल्याशिवाय नवीन काहीही विकत घेऊ नका. लोक आधी भारी सुई घेतात आणि मग ठपठप जास्त स्पष्ट ऐकत बसतात. झाल्यावर मात्र कार्ट्रिज, म्हणजे दांड्याच्या टोकाचा सुई धरणारा भाग, बदला. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम95 मालिका तुमच्यासाठी सोयीची, कारण एकाच कार्ट्रिजला दोन वेगवेगळ्या सुया बसतात. एलपीसाठी साधी सुई, तबकडीवर तिचा भार 2 ग्रॅम. 78साठी जाड टोकाची एसपी, तिचा भार 5 ग्रॅम. एलपीची बारीक सुई 78च्या रुंद खाचेत तळाला जाऊन खरखर करते, आणि उलट केलंत तर एलपीची वाट लागते. भार मोजायला सोनाराचा छोटा डिजिटल काटा पुरतो. अँप्लिफायरला रेकॉर्ड प्लेअर जोडायची ‘फोनो’ची जागा नसेल तर मधे फोनो प्रीअँप लागेल. 78 ऐकताना मोनोचं बटण दाबा, खरखर बरीच कमी होते.

वेग जुळवायला कागदावर छापलेली स्ट्रोब तबकडी घ्या. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेत 33⅓ साठी 180 रेघा असतात, 78 साठी 77. दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. पण एलईडी दिव्याखाली हे बहुतेक वेळा जमत नाही. खोलीत अंधार करून स्विचबोर्डावरच्या तांबड्या निऑन इंडिकेटरजवळ यंत्र न्या, त्याच्या उजेडात रेघा छान दिसतात. व्होल्टेज कमीजास्त झालं की ह्या मोटरचा वेग किंचित ढळतो, तेव्हा संध्याकाळी पुन्हा एकदा बघा.

आणि वायर! जुन्या वायरचं रबर तडकलेलं असणार. पुन्हा चालू करण्याआधी ती आणि बटणाजवळचा कपॅसिटर बदलून घ्या. हे काम घरी नको, इलेक्ट्रिशियनकडून.

यंत्राला सागाची जाड पेटी करायची हौस असेल तर ती सगळ्यात शेवटी. फरक पडतो, पण खानापूरचा सुतार कुठं पळून जात नाही.

प्रश्न : भाच्यानं अमेरिकेतून थोरेन्स टीडी 160 हा रेकॉर्ड प्लेअर आणला. 110 व्होल्टचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावला तरी गाणं झोपाळल्यासारखं येतं. मोटर गेली का?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : मोटर ठणठणीत आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. तुमची मोटर विजेच्या ठेक्यावर चालते. तिकडचा ठेका 60 हर्ट्झचा, आपला 50चा. म्हणून 33⅓ची तबकडी मिनिटाला जेमतेम 28 फेरे घेते आणि काळी चारमध्ये गाणारी बाई थेट पांढरी चारला उतरते. घरात बाजाची पेटी असेल तर सूर लावून बघा. मोटरच्या टोकाला 50 हर्ट्झची पुली बसवा, ह्या मॉडेलला ती मिळते. बेल्टही नवा घाला, जुना ताणलेला असतो.

प्रश्न : पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी येते. स्पिरिटनं पुसल्या तर चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : 78ला स्पिरिट लावू नका! त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. नवीन होतो तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची नाट्यगीताची तबकडी अशीच ‘साफ’ केली. फडकं काळंभोर झालं, मला वाटलं केवढा मळ निघाला. पुन्हा लावली तर नुसती फर्रर्र. पैसे दिले मी, पण तशी तबकडी कुठून आणणार? डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं फिरवा, मधलं लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन उभ्या करून सावलीत वाळवा. जुनी कागदी पाकिटं फेकून द्या, बुरशी त्यातच मुक्कामाला असते.