ग्रोथ कर्व्ह काढून नोकरी मिळते का?

प्रश्न: मी बार्शीला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला ई. कोलाय या जीवाणूचा ग्रोथ कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार वाढीचा आलेख, काढला. दिवसभर दर अर्ध्या तासाने कलरीमीटरचं, म्हणजे गढूळता मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग घ्यायचं. पहिला तासभर काटा हललाच नाही. बाबा म्हणतात, यातून नोकरी कुठली मिळणार, बी.एड. कर. काय करू?

उत्तर: बी.एड. पदवीनंतरही करता येतं, त्यामुळे तो निर्णय आज घ्यायची गरज नाही. आधी त्या न हललेल्या काट्याकडे नीट बघ.

तो लॅग फेज. पेशी नव्या माध्यमाला, म्हणजे वाढीसाठी दिलेल्या अन्नद्रावणाला, सरावत असतात, लागणारी एन्झाइम्स तयार करत असतात. एकदा विभाजन सुरू झालं की ई. कोलाय चांगल्या माध्यमात, 37 अंशांना, साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. हाच वेग टिकला तर एका पेशीपासून 10 तासांत 100 कोटींवर पेशी होतील. तो टिकत नाही, कारण अन्न संपतं आणि आम्ल साचतं. मग संख्या न वाढणारी स्टेशनरी फेज येते आणि पुढे मृत्यूची.

फर्मेंटेशनच्या, म्हणजे टाकीत सूक्ष्मजीव वाढवून उत्पादन घेणाऱ्या, कारखान्यात लॅग फेजचा प्रत्येक तास म्हणजे अडकून पडलेली टाकी. म्हणून सीड टँकमधलं (छोट्या टाकीतलं) कल्चर, म्हणजे वाढवलेले सूक्ष्मजीव, जोमात वाढत असतानाच मोठ्या टाकीत सोडतात. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी उभी राहिली. तिथल्या पेनिसिलिनचा जीव बुरशी, जीवाणू नव्हे. पण पेनिसिलिन मुख्यतः भरभर वाढ मंदावल्यावरच तयार होतं. टाकी कधी रिकामी करायची, हे ग्रोथ कर्व्ह वाचणाराच सांगू शकतो. हॉस्पिटलच्या लॅबमध्येही तेच. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला 15 ते 20 तास घेतो, म्हणून त्याच्या कल्चरच्या रिपोर्टला आठवडे लागतात.

लस, औषधं, दूध, पाणी तपासणी, सगळीकडे हे काम आहे. मात्र नुसत्या बी.एस्सी.वर बहुतेक वेळा क्वालिटी कंट्रोलमध्ये सुरुवात होते आणि पगार बेताचाच असतो, हे बाबांना स्पष्ट सांग. संशोधनात जायचं तर एम.एस्सी. हवं. त्यासाठी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षांच्या तयारीला आतापासून लाग. गणित सोडू नकोस. लॉग (लॉगॅरिदम) नीट येणारी मुलं या क्षेत्रात फार कमी भेटतात आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

आता एक काम. सरांना विचारून तोच प्रयोग दोन फ्लास्कमध्ये कर: एकात रात्रभर वाढवलेलं जुनं कल्चर टाक, दुसऱ्यात त्याच माध्यमात जोमात वाढत असलेलं. आलेख सेमीलॉग कागदावर (ज्याचा एक अक्ष लॉगचा असतो) काढ आणि सरळ रेषेवरून दुप्पट व्हायचा वेळ काढ. जोडीला प्लेट काउंटही, म्हणजे जिवंत पेशींची मोजणी, घे, कारण कलरीमीटर मेलेल्या पेशींचीही गढूळता मोजतो. दोन्ही फ्लास्कचा लॅग वेगळा का आला, हे दोन पानांत लिहून मला पाठव. मुलाखतीला जाशील तेव्हा मार्कशीटबरोबर ती पानंही ने.