आईला रोज पेनकिलर दिली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय, गुडघेदुखीवर आई रोज मेडिकलमधून आणलेली पेनकिलर घेते, चालेल का? नाही चालणार.

माझी आई खानावळीला पोळ्या करून द्यायची, रोज दीडशे-दोनशे. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा सगळ्यांनी, मीसुद्धा, लाटण्यालाच दोष दिला. दादाने डायक्लोफेनॅक या पेनकिलरचं पाकीट आणलं. गोळी घेतली की आई परत पोळपाटाशी. दीड वर्ष हेच. हात मागे जाईना, अंबाडा वहिनी बांधून द्यायची, तरी खांदा आखडला कशाने हे कुणी विचारलं नाही. मी फोनवर म्हणायचे, डॉक्टरला दाखवा. दादाचं ठरलेलं, "तू पुण्यात बसून सांगतेस. रात्री कण्हते ते आम्ही ऐकतो. एका गोळीने काय होतंय?"

मग पायांवर सूज आली. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, २.४ आणि उपाशीपोटी साखर २३८. असा आखडलेला खांदा मधुमेह असलेल्यांत जास्त दिसतो, हे तेव्हा कळलं. खांदा दीड वर्ष ओरडत होता आणि आम्ही रोज त्याचं तोंड दाबत होतो.

मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवायला शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं लागतात. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या नेमकी तीच कमी करतात. धडधाकट माणसाचं दोन दिवसांत सहसा काही बिघडत नाही. पण वय झालेलं, त्यात बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू, तर धोका फार वाढतो. आईला दोन्ही चालू होत्या. चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही असं औषध मेडिकलवाला मागितलं की देत राहिला.

आपल्याकडची गिधाडं याच औषधाने संपत आली. जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं बंद पडली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस हे औषध पुष्कळ जास्त सोसतो, मान्य. पण दीड वर्ष, रोज?

नुकसान किती गोळ्यांनी आणि किती साखरेने, हे वेगळं काढता येत नाही असं किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेही लिहायला हवं. ऑपरेशननंतर किंवा कॅन्सरमध्ये सोसत बसा असं मी अजिबात म्हणत नाही. तुमच्या आईंना गोळी डॉक्टरांनीच लिहून दिली असेल तर त्यांना विचारूनच थांबवा. क्रिएटिनिन आणि साखर मात्र याच आठवड्यात तपासा, गुडघे हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

दादा अजून म्हणतो, आईचं दुखणं बघवत नव्हतं. मलाही बघवत नव्हतं, दादा. म्हणूनच म्हणत होते, खांदा दाखवा.