काकडी-गाजराबरोबर खायला झटपट आणि पौष्टिक डिप कसं करावं? वय ४६ आहे, संध्याकाळी हात फरसाणाच्या डब्याकडेच जातो.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातून साडेसहाला घरी येता, जेवायला नऊ वाजतात आणि मधल्या वेळात शेव-चिवडा होतो. माझंही अगदी असंच होतं. आता मी ५३ची आहे. ४८व्या वर्षी रक्ततपासणीत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ टक्के आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दिवसभरात काय काय खाता ते लिहून आणायला लावलं. दोन्ही जेवणं ठीकच होती. घोटाळा सगळा सहा ते नऊ या तीन तासांतला होता.

आधी मीही दुकानातून डिपची बाटली आणली होती. घरी येऊन मागची बारीक अक्षरं वाचली तर पहिला घटक तेल, पुढे साखर. काकडी तेलात बुडवून खायची असेल तर शेवेने काय घोडं मारलंय? तेव्हापासून घरीच करते. दोन प्रकार सांगते. एक रात्री करून ठेवायचा, दुसरा खरोखर पाच मिनिटांचा.

पहिला, लाल भोपळा आणि चक्क्याचा. अर्धा किलो दही पातळ पंचाच्या कापडात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबून जातं. श्रीखंडासारखा घट्ट चक्का आपल्याला नको आहे, त्यामुळे दोन-तीन तासही चालतात. मी रात्रभर ठेवते, कारण ते आठवणीत राहतं. सकाळी साधारण २०० ते २५० ग्रॅम चक्का मिळतो. घाई असेल तर डेअरीतून बिनसाखरेचा चक्का आणा.

पाव किलो भोपळा सालासकट मोठ्या फोडी करून कुकरच्या डब्यात ठेवा. डब्यात पाणी अजिबात घालायचं नाही. भोपळ्याला स्वतःचंच पाणी सुटतं. वरून घातलं तर त्याचं सार होतं. दोन शिट्ट्या पुरतात. गार झाला की साल काढून हातानेच कुस्करा.

आता त्यात चक्का, तीन-चार मोठे चमचे डाळ्याचं कूट (चिवड्यात घालतो ती पंढरपुरी डाळं), एक मोठा चमचा भाजलेल्या तिळाचं कूट, एक हिरवी मिरची आणि लसणाची एक पाकळी ठेचून. मीठ अर्धा छोटा चमचा, तेही शेवटी. चमच्याने फेटा, मिक्सर नको. मी पहिल्यांदा मिक्सरमध्ये फिरवलं होतं आणि चक्क्याचं सरळ ताक झालं. दह्याची जमलेली वीण पात्यांनी तुटते, मग ते परत घट्ट होत नाही. कूट मी महिन्यातून एकदा करून बरणीत भरून ठेवते, त्यामुळे रोज मिक्सर लागत नाही.

वरून एक चमचा तेलाची मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. फोडणी गार करून घाला, गरम घातली तर दही फुटतं. ही फोडणी वगळू नका, असं मी आग्रहाने सांगेन. पौष्टिक म्हणून बेचव केलेला पदार्थ चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी परत फरसाणाचा डबा निघतो.

एवढ्या डिपमध्ये दही, डाळं आणि तीळ मिळून साधारण २० ग्रॅमच्या वर प्रथिनं जातात आणि त्याच्या चार वाट्या होतात. म्हणजे माणशी पाच-सहा ग्रॅम. आकडा छोटा दिसतो, पण आपल्या वयाला तो मोलाचा आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात आणि पाळी जाण्याच्या सुमारास हाडंही वेगाने विरळ होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये सांगितलेलं प्रमाण किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आहे. ६० किलोच्या बाईला ते ५० ग्रॅम होतं. पोळी-भाजी-आमटी-भातात तेवढं भरतंच असं नाही, माझं तरी भरत नव्हतं. शेवेत बेसन असतं हे खरं, पण १०० ग्रॅममागे ५००हून जास्त कॅलरी आणि वर भरपूर मीठ. तीळ मात्र न सोललेले घ्या, कॅल्शियम बरंचसं त्या सालातच असतं.

दुसरा प्रकार म्हणजे उडदाचं डांगर. (माझ्या सासूबाई जळगावकडच्या, त्यांच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात या एका शब्दावरून स्वयंपाकघरात मोठा गोंधळ झाला होता.) उडदाची डाळ मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत भाजायची, तिच्यात थोडे जिरे, धने, चार मिरी भाजून घालायचे आणि गिरणीतून किंवा घरी दळायचं. पीठ दीड-दोन महिने सहज टिकतं. खायच्या वेळी दोन मोठे चमचे पीठ, वाटीभर दही, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मीठ, हिंग. कालवून पाच मिनिटं तसंच राहू द्या, पीठ फुगतं आणि डिप आपोआप घट्ट होतं. पातळ वाटलं तर पीठ, घट्ट वाटलं तर ताक. आमच्या आजीने डिप हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण तिच्या ताटात हे नेहमी असायचं. कांदा मात्र आयत्या वेळी घाला, कालवून ठेवला तर उग्र वास धरतो. मेथकूट घरात असेल तर तेही दह्यात असंच कालवता येतं.

भाज्यांचं म्हणाल तर काकडी-गाजरावर थांबू नका. कोवळा नवलकोल कच्चा फार छान लागतो, सफरचंदासारखा कुरकुरीत. मुळा, सिमला मिरची हे आहेतच. फ्लॉवरचे तुरे मात्र मिठाच्या गरम पाण्यात ठेवून, धुऊन, मिनिटभर वाफवून घ्या. फरसबीच्या शेंगाही तशाच. माझ्या नवऱ्याचे दात आता कच्चं गाजर सोसत नाहीत, त्यांच्यासाठी गाजराचे तुकडे तीन मिनिटं वाफवते. गाजर-मुळ्याचे तुकडे पाणी भरलेल्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले की दोन दिवस कडक राहतात. काकडी आधी चिरून ठेवू नका, आणि टोक चाखल्याशिवाय तर नकोच.

दही सोसत नसेल तर तेवढाच भोपळा, डाळ्याचं आणि दाण्याचं कूट, लिंबू, फोडणी असं करा. दाण्याचं कूट दोन चमच्यांच्या वर जाऊ देऊ नका, त्यात तेल बरंच असतं. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि हे खाऊन माझी साखर उतरली असं मी म्हणणार नाही. मी संध्याकाळचं चालणंही तेव्हाच सुरू केलं होतं, रात्रीचा भातही कमी केला होता. पण नऊ वाजता जेवायला बसताना जी वखवख असायची, ती या वाटीने गेली, एवढं नक्की.

भोपळ्याचं डिप फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं, त्यापुढे आंबट होतं. डबा फ्रिज उघडल्याबरोबर डोळ्यांसमोर येईल असा ठेवा, शेजारी भाज्यांचा डबा. दारातून आल्या आल्या, पर्स खाली ठेवायच्या आधी हाताला लागलं पाहिजे. चक्क्याचं खाली गळलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात थालीपिठाचं पीठ भिजवा, थालीपीठं मऊ होतात, आणि उरलेलं डिप त्यांच्याबरोबर संपतं.