कुरिंजी 2030ला फुलेल, पॉलिसी 2043ला

प्रश्न : वय 41, राहणार चिंचवड, महिना दीड लाख हातात. घरात आई, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी. कमावता मी एकटा. गृहकर्ज 38 लाख बाकी. 2018ला मुन्नारला बारा वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी बघायला निघणार होतो, तेवढ्यात केरळात पूर आला आणि बुकिंग रद्द झालं. 2030चा बहर चुकवायचा नाही. पुण्याहून गाडीनेच एराविकुलम राष्ट्रीय उद्यान करायचं आहे. त्यासाठी अठरा लाखांची सात सीटर आता कर्जावर घ्यावी की 2029ला? पैशांची सोय आहे. बँकेतल्या साहेबांनी 2023ला सात वर्षांची स्कीम दिली आहे : वर्षाला दीड लाख भरायचे, 2030ला दुप्पट. कागद सोबत जोडला आहे.

उत्तर : गाडी आताही नको, 2029लाही नको. चौघांना सात सीटा कशाला? अठरापैकी पंधरा लाखांचं कर्ज काढलंत तर पाच वर्षं महिना साडेएकतीस हजार, आणि कुरिंजी फुलेल तेव्हा गाडी चार वर्षं जुनी. शिवाय एराविकुलममध्ये स्वतःची गाडी नेताच येत नाही. उद्यानातल्या राजमलाला वनखात्याच्या बसमधूनच जायचं. आहे ती गाडी सर्व्हिसिंग करून न्या. मला विचाराल तर आईंना घेऊन कोइम्बतूरपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे टॅक्सी करा. उदुमलपेटहून मरयूरमार्गे मुन्नारला जाणारा रस्ता चिन्नार अभयारण्यातून जातो; तिथे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलेलं बरं.

पेट्रोल, टोल, नऊ रात्री दोन खोल्या, जेवणखाण धरून आजच्या भावाने दीड लाख, 2030ला दोन. महिना चार हजारांची आरडी लावा, प्रश्न मिटला. (तोवर मुलीला आपल्या सह्याद्रीतली कारवी दाखवा. ती कुरिंजीचीच बहीण, आणि तिला बारा वर्षं लागत नाहीत.)

आता तो कागद. ती स्कीम म्हणजे विमा पॉलिसी आहे आणि त्यात सात हा आकडा कुठेच नाही. हप्ते दहा वर्षं, मुदत वीस, मिळणार 34 लाख, तेही 2043ला. मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची असेल. 2030ला तुमच्या हातात येईल ती आठव्या हप्त्याची आठवण करणारी नोटीस. दहा वर्षांत पंधरा लाख भरून विसाव्या वर्षी 34 म्हणजे परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 44 लाखांच्या आसपास जातात. 'दुप्पट' हा शब्द त्या साहेबांनी तोंडी वापरला असणार. कागदावर तो सापडत नाही.

याहून वाईट म्हणजे विमा पंधरा लाखांचा. उद्या तुम्ही नसलात तर ते सगळे कर्जात जातील आणि तेवीस लाख तरीही उरतील, तेही एक पैसा न कमावणाऱ्या घरावर. तुम्ही मला गाडीबद्दल विचारताय!

आधी साठीपर्यंतचा दोन कोटींचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या. तंबाखू नसेल, तब्येत ठीक असेल तर वर्षाला चाळीस हजारांच्या मागेपुढे पडेल. सप्टेंबर 2025पासून त्यावर जीएसटीही नाही. साखर, रक्तदाब, जे असेल ते अर्जात लिहा.

ती पॉलिसी हातात पडली की जुनीचा नोव्हेंबरचा चौथा हप्ता भरू नका. पण रागाच्या भरात सरेंडरही करू नका. साडेचार लाख भरलेत. आज मोडली तर भरलेल्या हप्त्यांचे हमीचे 35 टक्के, म्हणजे जेमतेम एक लाख साठ हजार. पेडअप केलीत, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवलीत, तर दहापैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात 2043ला दहा लाखांच्या घरात मिळावेत. एक साठचे साडेसतरा वर्षांत दहा म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांच्या वर. बुडायचं ते बुडून झालंय, उरलेलं आता बरं वाढतं. उलट पुढचे सात हप्ते भरलेत तर त्या पैशांवर सहा टक्केही सुटत नाहीत. कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या : आजची सरेंडर रक्कम आणि पेडअप केल्यावर 2043ला किती. साहेबांच्या व्हॉट्सअॅपवर नको, कंपनीच्या ईमेलवर.

वाचलेल्या दीड लाखातून टर्मचा हप्ता जातो, आरडी जाते, तरी साठेक हजार उरतात. ते गृहकर्जात भरा.

आणि 2030चं हॉटेल रद्द करता येणारं बघा, शक्यतो सप्टेंबरअखेरचं. तिथला ऑगस्ट तुम्हाला एकदा भोवलाच आहे.